जायफळचं वजन

"मल्लू, बोट!"

नाना एवढ्या जोरात ओरडले की पारड्यात बसवलेला जायफळ दचकला, उडी मारून थेट ज्वारीच्या पोत्यावर जाऊन बसला.

"बोट कुठं लावलं ओ साहेब? कुत्रं पडंल म्हणून नुसता आधार दिला की!" मल्लिनाथ दोन्ही हात वर करून म्हणाला.

"आधार देत देतच तुझ्या वडलांनी सगळ्या पेठेला ज्वारी विकली. हात मागं घे."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. सगळ्यांत मोठ्यानं मल्लिनाथच हसला. मला मात्र हसू येत नव्हतं. रविवारची सकाळ, दुपारी माझी पुण्याची परतीची गाडी, आणि एका टीचभर कुत्र्याचं वजन करायला इतका वेळ. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभी होते.

"अहो नाना, तो इलेक्ट्रॉनिक काटा समोर आहे ना? ठेवा त्याच्यावर, आकडा येईल, मोकळे होऊ."

"त्या डबड्याला काय विचारायचं? त्याला दांडी नाही, पारडी नाहीत."

नाना, म्हणजे माझे वडील, वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती, पण सोलापूरच्या त्या पेठेत अजून ते 'साहेब' होते. मल्लिनाथच्या वडलांची खोटी मापं त्यांनीच एके काळी जप्त केली होती, आणि त्याच मल्लिनाथने आता आपल्या धान्याच्या दुकानात एक जुना मोठा तराजू केवळ साहेबांसाठी छताला टांगून ठेवला होता. नानांची एक गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. ते म्हणायचे, "काट्याकडे सगळेच बघतात. मी जन्मभर बोटांकडे बघितलं. चोरी बोटांत असते."

जायफळला मी पोत्यावरून उचललं, पारड्यात गोणपाटावर बसवलं आणि डोळे वटारले. तपकिरी, गोल, केसाळ. पोमेरेनियन आणि आणखी कुणी तरी यांचा संसार. आईनेच त्याचं नाव ठेवलं होतं. आणला तेव्हा मुठीत मावायचा म्हणून जायफळ. आई गेली आणि जायफळ मुठीतून पोत्याच्या आकाराकडे निघाला.

मल्लिनाथने दुसऱ्या पारड्यात पाच किलोचं माप ठेवलं, मग एक किलोचं. जायफळचं पारडं हललंसुद्धा नाही. मग अर्धा किलोचं ठेवलं तेव्हा कुठे दांडी आडवी झाली.

"साडेसहा," नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात मला जरा समाधानच वाटलं, पण तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"म्हणजे गेल्या वेळेपेक्षा एक चिमूटही कमी नाही!"

"नाही ना. काय करणार? प्रकृती असते एकेकाची."

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. त्या जानेवारीत नाना न्हाणीघरात घसरून पडले होते. एकटेच राहत होते, दार आतून बंद, उठता येईना. जायफळने बाहेरून दाराला नखं लावून लावून आणि भुंकून भुंकून सगळा वाडा डोक्यावर घेतला, तेव्हा मल्लिनाथ दुकान टाकून पळत आला. कंबरेला नुसता मुका मार होता, देवाची कृपा. पण पुण्यात मला जी काळजी लागली ती काही गेली नाही. फोन वाजला की भीती वाटायची, आणि नाही वाजला तर जास्तच. नानांनी उचलला नाही की मी मल्लिनाथला लावायची. तो बिचारा ज्वारी तोलता तोलता पळायचा आणि सांगायचा, "ताई, साहेब पेपर वाचायलेत. तुम्ही जेवून घ्या."

जेवण कुठलं! ऑफिसात बसले तर पाय हलायचा, घरी बसले तर नखं तोंडात. नवरा म्हणायचा, उज्ज्वला, तू आधी जरा एका जागी बस. मला एकच दिसत होतं: नानांना पुण्याला आणायचं. कायमचं. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी होती, लिफ्ट होती, खाली दवाखाना होता.

नाना नाही म्हणाले नाहीत. तो त्यांचा स्वभाव नव्हता. ते म्हणाले, "येतो की. पण जायफळ?"

"जायफळही येईल."

जायफळला खोकला होता. उन्हातून आला, जास्त धावला किंवा आनंदानं उड्या मारल्या की बदकासारखा आवाज काढत ढास लागायची. म्हणून आम्ही त्याला डॉक्टर इनामदारांकडे नेलं. तरुण मुलगी होती, पण समजावून सांगायची पद्धत मोठी गोड.

"याची श्वासनळी नाजूक आहे काका. या छोट्या कुत्र्यांत असतं ते. लठ्ठ नाहीये तो फार, थोडासाच जास्त आहे. पण एवढ्याशा देहाला अर्धा किलो म्हणजे पुष्कळ झालं. उन्हाळ्याच्या आत सहाच्या खाली आणा, मग त्याला श्वासही नीट घेता येईल आणि प्रवासही झेपेल. आत्ता इतक्या लांब न्यायची जोखीम मी तरी घेणार नाही."

नानांनी हे वाक्य झेललंच. दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून म्हणाले, "ऐकलंस ना उज्जू? सहाच्या आत आला की निघू. शब्द दिला."

नानांचा शब्द म्हणजे शिक्का मारलेलं माप. मी मनातल्या मनात उडीच मारली. अर्धा किलो! एवढंच ना? हां हां म्हणता उतरवते.

मग माझ्या डोक्याला दुसरं काही उरलं नाही. पुण्यात कुत्र्यांच्या खाण्याच्या दुकानात जाऊन उभी राहिले, तर भिंतभर पिशव्या. छोट्या जातींसाठी, म्हाताऱ्यांसाठी, नाजूक पोटासाठी, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी, आळशी कुत्र्यांसाठी. मी एकेक पिशवी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचत सुटले. किती चरबी, किती चोथा, सात किलोच्या कुत्र्याला किती वाट्या. दुकानदार कंटाळून म्हणाला, "मॅडम, मुलाच्या शाळेला तरी एवढं बघितलं होतं का?" मी म्हटलं, "मुलाला श्वास नीट घेता येत होता हो." शेवटी डॉक्टर इनामदारांना फोन लावला. त्या म्हणाल्या, छोट्या जातीचं, कमी चरबीचं घ्या, सकाळ-संध्याकाळ मोजून अर्धी अर्धी वाटी. मधे भूक लागली तर काकडी, गाजर, उकडलेला दुधी. भाकरी-तूप बंद, दूध बंद, जेवणाच्या ताटातलं तर काहीच नाही.

पुढच्या शनिवारी मी पिशवी घेऊन सोलापूरला हजर. जायफळने त्या खाण्याचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि वाटीकडे पाठ करून बसला. नानांनी त्यातला एक दाणा उचलून स्वतःच्या तोंडात टाकला.

"अहो!"

"बघू तर दे." त्यांनी तो चावला, डोळे मिटून गिळला. "मीठ नाही गं. कसं खाईल बिचारं?"

"त्याला मीठ लागत नाही. त्याला दुधी कालवून द्या. खाईल."

आणि खाल्लंही त्याने, दुधी कालवल्यावर. मी वाटी दाखवली, कुठवर भरायची ते तिच्यावर शाईने खूण करून दाखवली. स्वयंपाकाला येणाऱ्या रुक्मव्वाला बजावून सांगितलं. ती म्हणाली, "मी कशाला घालू बाई त्याला? माझ्याच लेकरांना पुरंना." नानांनी ती खूण चष्मा वर करून बघितली आणि म्हणाले, "मापाबद्दल मला शिकवतेस?"

मी ओशाळले. खरंच, यांना काय शिकवायचं?

पण वजन उतरेना. दर शनिवारी मी गाडी पकडायची, रविवारी सकाळी मल्लिनाथच्या दुकानात तराजूपुढे उभं राहायचं, आणि दर रविवारी ते अर्ध्या किलोचं माप पारड्यात जाऊन बसायचंच. एकदा तर त्यावर पन्नास ग्रॅमचंही ठेवावं लागलं. फेब्रुवारी संपत आला. दुपारचं ऊन पाठीला चावायला लागलं. मला गाडीत बसवेना, घरात बसवेना. नाना निवांत झोपाळ्यावर. मी म्हणायची, चला, त्याला फिरवून आणू, की ते म्हणायचे, ऊन उतरू दे. ऊन उतरलं की म्हणायचे, आता कुठे जेवायच्या वेळेला.

एका शनिवारी मी जरा लवकर पोचले. नानांचा मारुतीचा उपवास असायचा शनिवारी. दारातून आत पाय टाकते तर काय! नाना पाटावर बसलेले, पुढे साबुदाण्याची खिचडी, आणि शेजारी जायफळ, त्याच्याही पुढे ताटली, ताटलीत साबुदाण्याची खिचडी. वर दाण्याचं कूट, तूप चमकतंय.

"नाना! हे काय?"

"काय काय? आज त्याचा उपवास."

"उपवास?"

"तूच म्हणालीस ना, खाणं कमी करायला हवं? म्हणून शनिवारचा उपवास धरला त्याचा. पोटाला विश्रांती."

मी डोक्याला हात लावला. "अहो, साबुदाणा म्हणजे निव्वळ पीठ! त्यात शेंगदाणे, त्यात तूप! उपवासानं माणसं तरी कुठं बारीक होतात हो?"

नाना अगदी भाबड्या चेहऱ्यानं म्हणाले, "हो का? मला वाटलं उपवास तो उपवास."

मला इतकं हसू आलं की रागच गेला. रुक्मव्वाही पदर तोंडाला लावून हसत होती. मी फोनवर नवऱ्याला, डॉक्टर इनामदारांना, सगळ्यांना हा किस्सा सांगितला. कारण सापडलं या आनंदात मी होते. जायफळचा उपवास मोडला, ताटली उचलली, काकडी चिरून दिली. नाना बघत राहिले. आता आठवतं, ते एकटेच हसत नव्हते.

त्यानंतर काटा खाली यायला हवा होता. आला नाही.

मग मार्चमधली ती दुपार. मी जेवून आडवी झाले होते, पण झोप कुठली. बाहेर पडवीत काहीतरी कुडकुड वाजल्यासारखं झालं, आणि लगेच तो बदकाचा आवाज. एकदा, दोनदा. थांबेचना. मी धावले.

जायफळ चारी पाय फाकवून उभा होता, मान लांब केलेली, तोंड उघडं. आवाज येत होता पण श्वास आत जात नव्हता. मी जीभ बघितली. ती निळसर पडली होती. नाना त्याच्या समोर गुडघ्यावर बसले होते, आणि जमिनीवर शेंगदाण्याचा लाडू फुटून पडला होता.

"उज्जू, अगं बघ ना! अगं काय होतंय याला!"

नानांना मी तसं कधी बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. मी ओला पंचा जायफळच्या पोटाला, पायांना गुंडाळला, त्याला छातीशी धरलं आणि रस्त्यावर पळत सुटले. मल्लिनाथने दुकानातूनच बघितलं, शटर अर्धं ओढून गाडी काढली. नाना मागच्या सीटवर माझ्या शेजारी, जायफळच्या डोक्यावर हात ठेवून, एकच वाक्य पुन्हा पुन्हा: "ओरडू नको बाळा, शांत हो, ओरडू नको."

डॉक्टर इनामदारांनी ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. हळूहळू जीभ परत गुलाबी झाली. जायफळने शेपूट एकदा हलवलं, अगदी थोडंसं, नानांकडे बघून.

"घशात काही अडकलं नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या. "खाण्याच्या आनंदात उड्या मारल्या असतील, त्यात हे ऊन आणि हे वजन. काका, अजून कसा उतरत नाहीये हा? यापुढे असं झालं तर मी खात्री देऊ शकत नाही."

नाना भिंतीला टेकून बाकावर बसले. मी त्यांना पाणी दिलं. ते ग्लास हातात घेऊन म्हणाले, "मीच घालत होतो."

"काय?"

"तू वाटीनं मोजून घालायचीस ते वेगळं. पहाटे भाकरी तुपात भिजवून. दुपारी लाडू. दुधावरची साय. सगळं मीच. तू पुण्याला गेलीस की तर बघायलाच नको."

"आणि तो उपवास?"

"साबुदाण्यात काय असतं ते मला ठाऊक नाही होय? जन्म गेला माझा किराण्याच्या दुकानांत."

मल्लिनाथ दारात उभा होता, तो हळूच बाहेर गेला.

"पण का, नाना?"

"सहाच्या खाली गेला असता तर निघावं लागलं असतं." त्यांनी ग्लास तसाच खाली ठेवला. "शब्द देऊन बसलो होतो. शब्द मोडता येईना, म्हणून माप मारलं. जन्मभर ज्याच्यासाठी लोकांना कोर्टात खेचलं तेच केलं. आणि कुणाच्या जिवावर? ज्यानं मला न्हाणीघरातून बाहेर काढलं त्याच्या."

मी संतापले होते, खोटं कशाला सांगू. "त्याचा जीव घ्यायला निघाला होतात तुम्ही!" असं मी त्या दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हणाले. नाना फक्त 'होय' म्हणाले. मग मला रडू आलं, आणि मी रडतेय हे बघून जायफळने टेबलावरूनच बारीक आवाज काढला.

"आता रड थांबव," नाना उठत म्हणाले. "यापुढे खरं माप. उतरला की निघायचं. माझी काही तक्रार नाही."

आणि मग बघायला हवे होते नाना! झोपाळा सुटला. मी रजाच टाकून राहिले होते, तर पहाटे ऊन यायच्या आत मला हलवून उठवायचे. जायफळच्या गळ्यातला पट्टा काढून छातीला बांधायचा पट्टा आणला, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, गळ्यावर ओढ नको. वाटीतला एक दाणाही खुणेच्या वर गेला तर परत पिशवीत. जायफळ केविलवाणा बघायचा, तेव्हा नाना स्वतःही भाकरीवर तूप घ्यायचे नाहीत. दोघं समोरासमोर बसून उकडलेला दुधी खायचे. रुक्मव्वा म्हणाली, "बाई, साहेबच कुत्र्याआधी बारीक व्हायलेत बघा."

रोज पहाटे आम्ही तिघं मंडईपर्यंत चालत जायचो. आणि तिथं मी पहिल्यांदा नीट बघितलं. एरवी मी सोलापुरात यायची ती घाईत, घरातून गाडीत आणि गाडीतून घरात. नाना मंडईत शिरले की भाजीवाल्या आपापले तराजू सरळ करायच्या. "साहेब आले, साहेब आले." कुणी चेष्टेनं म्हणायची, "बघा ओ साहेब, माझा काटा खोटा आहे का?" नाना थांबायचे, खरंच वाकून बघायचे. एकदा एक गिऱ्हाईक वांग्यांवरून भांडत होतं, वजन कमी भरलं म्हणून. म्हातारी ओरडली, "साहेबांना विचार!" नानांनी तराजू बोटावर तोलून धरला, रिकामी पारडी स्थिर होईपर्यंत थांबले. सगळी मंडई थांबली त्यांच्याबरोबर. मग म्हणाले, "बरोबर आहे." तो माणूस मुकाट्यानं वांगी घेऊन गेला.

नानांची पाठ तेवढा वेळ ताठ होती. मला कोथरूडची आमची गॅलरी आठवली. तिथून समोरच्या इमारतीची गॅलरी दिसते. तिथे कुणी नानांना काय विचारणार होतं? मला पुन्हा काळजी लागली, पण ही वेगळी होती. ही कुणाला फोन करून जाणार नव्हती.

जायफळ उतरत होता. डोळ्यांना दिसत होतं. बरगड्या हाताला लागायला लागल्या, ढास कमी झाली, चालीत ऐट आली. आणि जसजसा तो हलका होत होता तसतसं घर रिकामं होत होतं. नानांनी मला न सांगता आईचं शिलाईयंत्र रुक्मव्वाला देऊन टाकलं. तुळस शेजारी दिली. पुस्तकांचे गठ्ठे बांधले. बोलणं मात्र कमी केलं. मी काही विचारलं की, "सामान कमी असलेलं बरं," एवढंच. मी घरभर नुसती फिरत राहायची. मला जे हवं होतं तेच घडत होतं, आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता.

शेवटच्या रविवारी आम्ही दुकानाकडे निघालो. दाराला कुलूप लावताना माझी नजर चौकटीकडे गेली. तिथे फिकट चौकोन उरला होता. नानांची पितळी पाटी, नाव आणि खाली 'निरीक्षक, वजनमापे', जी माझ्या जन्माआधीपासून तिथे होती, ती नव्हती.

"पाटी कुठंय नाना?"

"काढली. पेपरात गुंडाळून ठेवलीय. पितळ आहे, चोरीला जायचं." आणि जायफळला घेऊन ते पुढे चालायला लागले.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मल्लिनाथने पाच किलोचं माप ठेवलं, एक किलोचं ठेवलं. त्याचाही चेहरा उतरलेला होता. नाना काउंटरच्या कडेला उभे राहिले, हात मागे बांधून, चष्मा पुसून घालून. मी जायफळला पारड्यात गोणपाटावर बसवलं आणि पारडं सोडलं.

ते वर उठलं. हळूहळू, पण उठलं. जायफळ सहाच्या आत आला होता. पोरगं पास झाल्यासारखा तो माझ्याकडे बघत होता, जीभ गुलाबी, शेपूट हलतंय.

मी त्या पारड्याकडे बघितलं. माझे सगळे शनिवार, माझी झोप, ते फोन, सगळं त्या वर उठणाऱ्या पारड्यात होतं. आता फक्त 'चला' म्हणायचं होतं. गोणपाटाची एक कड पारड्याबाहेर लोंबत होती. मी ती सरळ करायला हात पुढे केला, आणि त्या कडेमागून पारड्याच्या काठावर बोट टेकवलं.

पारडं खाली आलं. दांडी कलली.

मल्लिनाथने माझ्या हाताकडे बघितलं, मग छताकडे बघितलं. नाना हललेही नाहीत.

"अजून भरतोय हो जास्त," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "काय रे मल्लिनाथ?"

"होय की ताई," मल्लिनाथ घाईघाईनं म्हणाला. "जड आहे. चांगलाच जड आहे."

नाना पुढे आले. दांडीकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मी बोट दाबून धरलं होतं.

"हं," नाना म्हणाले. "यंदा नाही जमत मग. आता उन्हाळाही आला." आणि त्यांनी जायफळला दोन्ही हातांनी उचलून खांद्याशी घेतलं. त्यांनी चेहरा त्याच्या केसांत लपवला होता, मला दिसला नाही.

मल्लिनाथ दुकानाच्या पायरीपर्यंत आमच्या मागे आला. मी त्याला हळूच म्हटलं, "रोज सकाळी चहाला येत जा नानांकडे. न चुकता. आणि न्हाणीघराला बाहेरून उघडेल अशी कडी बसवून घे, आजच." तो म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणाला नसता तरी आलो असतो की." वाटेत मी नवऱ्याला फोन करून सांगितलं की दर शनिवारची माझी गाडी काही बंद होणार नाही.

घरी आल्यावर नानांनी आधी जायफळला पाणी दिलं, वाटीत खुणेपर्यंत खाणं घातलं. मग पेपरचं पुडकं सोडलं आणि स्क्रू ड्रायव्हर शोधून काढला.

"ये, धर जरा. वाकडी लागायला नको."

मी पाटी चौकटीवर, त्या फिकट चौकोनात धरली. नानांनी वरचे दोन स्क्रू बसवले. खालचा बसवायला ते वाकले आणि थांबले.

"उज्जू."

"काय?"

"बोट काढ मधलं," नाना वर न बघता म्हणाले. "आज एकदा खपवून घेतलं."